दूरस्थ सामायिक सर्व्हर आणि फाइलींचे सुरक्षित हस्तांतरण : बिघाड व बिघाडशोधनाचा इतिहास (१९७१ ते २०२२)

प्रस्तावना

संगणकीय जाळ्यांचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. अमुक वर्षी अमुक नियमावली सिद्ध झाली, अमुक वर्षी तिची सुधारित आवृत्ती आली, अशा नोंदींनी तो भरलेला असतो. या साधनांच्या वापरात आलेल्या अडचणींचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. अडचण दूर झाली की ती विसरली जाते, हे त्याचे साधे कारण होय. वास्तविक अनेकांनी मिळून वापरावयाच्या दूरस्थ सर्व्हरवर फाइल पाठविताना जो नकार पदरी पडतो, त्यामागे बहुतेक वेळा पूर्वी कोणीतरी जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असतो. तो निर्णय कोणत्या धोक्यामुळे घेतला गेला हे ज्यास ठाऊक नाही, तो अडचण सोडविण्याच्या भरात नेमके संरक्षणच काढून टाकतो. प्रस्तुत निबंधात या नकारांची ऐतिहासिक कारणमीमांसा केली आहे.

परस्परविश्वासाचा काळ

फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल म्हणजेच एफटीपी या नियमावलीचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ रोजी 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' या मालिकेतील ११४ व्या क्रमांकाचा दस्तऐवज म्हणून प्रसृत झाला. त्याचे लेखक अभय भूषण हे मूळचे अलाहाबादचे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९६५ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी होते आणि हा मसुदा लिहिताना ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत कार्यरत होते. संगणकाच्या इतिहासावरील आपल्याकडील लेखनात या नावाची दखल जितकी घेतली जावयास हवी होती तितकी घेतली गेलेली नाही, हे येथे जाता जाता नमूद करावयास हवे.

त्या काळी आर्पानेट या जाळ्याला मोजकीच केंद्रे जोडलेली होती आणि ती चालविणारी माणसे एकमेकांस ओळखत होती. त्यांच्यापुढील प्रश्न चोरीचा नव्हता, भिन्नतेचा होता. एका केंद्रातील यंत्राचा शब्द ३६ बिटांचा, दुसऱ्याचा ३२ बिटांचा. एकाची वर्णसंकेतप्रणाली वेगळी, तर दुसऱ्याची ओळ संपविण्याची रीत वेगळी. त्यामुळे मजकुराची फाइल आणि द्विमान फाइल असा भेद नियमावलीतच करावा लागला. पुढे कित्येक दशके वापरकर्त्यांना छळणारा एक बिघाड याच भेदातून जन्मला. छायाचित्र किंवा संक्षेपित फाइल चुकून मजकूर-पद्धतीने पाठविली की मार्गात ओळसमाप्तीची चिन्हे बदलली जात, आणि पलीकडे पोहोचलेली फाइल उघडतच नसे. हस्तांतरण 'यशस्वी' झाल्याचा संदेश मात्र मिळालेला असे. नकार न देता नासधूस करणारा हा बिघाड सर्वांत घातक प्रकारचा म्हणावा लागेल.

ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ९५९ व्या दस्तऐवजात या नियमावलीस जे रूप दिले, ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्यात दोन स्वतंत्र जोडण्या होत्या : आज्ञांसाठी एक आणि प्रत्यक्ष मजकुरासाठी दुसरी. पासवर्ड आज्ञांच्या जोडणीवरून उघड्या अक्षरांत जात असे. विश्वासाच्या वातावरणात त्यात कोणास वावगे वाटले नाही.

१९९४ : एकाच महिन्यातील दोन दस्तऐवज

फेब्रुवारी १९९४ हा महिना या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. त्या महिन्यात अमेरिकेतील सर्ट या सुरक्षा-समन्वय केंद्राने एक इशारा प्रसिद्ध केला. जाळ्यावरून जाणारे संदेश चोरून ऐकणाऱ्यांनी हजारो संगणकांचे पासवर्ड हस्तगत केले असून टेलनेट, आरलॉगिन आणि एफटीपी यांद्वारे दूरस्थ प्रवेश देणारी प्रत्येक यंत्रणा धोक्यात आहे, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यात स्टीव्हन बेलोविन यांचा १५७९ वा दस्तऐवज आला. त्याचा विषय फायरवॉल आणि एफटीपी यांची गाठ हा होता.

या दुसऱ्या प्रश्नाचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहावयास हवे. मूळ पद्धतीत मजकुराची जोडणी सर्व्हर स्वतः होऊन वापरकर्त्याच्या संगणकाकडे उघडत असे. संस्थांनी फायरवॉल बसविल्यावर बाहेरून येणाऱ्या अशा जोडण्या अडविल्या जाऊ लागल्या. त्यातून एक चमत्कारिक लक्षण दिसू लागले : पासवर्ड स्वीकारला जातो, स्वागताचा संदेश येतो, परंतु फाइलींची यादी मागितली की सारे ठप्प होते. बेलोविन यांनी मजकुराची जोडणीही वापरकर्त्याच्या बाजूनेच उघडावी, म्हणजे नियमावलीत आधीपासून असलेली 'पॅसिव्ह' रीत वापरावी, असे सुचविले. पुढे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे ठेवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा मार्गातील उपकरणे आज्ञांच्या जोडणीत डोकावून आतील पत्ता बदलू लागली. आणि जेव्हा एफटीपीस कूटबद्धतेचे कवच चढविले गेले (त्याची रीत २००५ च्या ४२१७ व्या दस्तऐवजात आहे), तेव्हा त्या उपकरणांना आत काय लिहिले आहे ते वाचता येईना. उघडेपणा हा दोष नाहीसा करताच, त्या उघडेपणावर गुपचूप विसंबून असलेली सोय कोसळली. कवचयुक्त एफटीपीत यादी न येण्याच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. अशा प्रसंगी पॅसिव्ह जोडण्यांसाठी पोर्टांचा निश्चित पट्टा ठरवून तेवढाच फायरवॉलमध्ये मोकळा करणे आणि सर्व्हरला त्याचा बाहेरचा पत्ता सांगणे, हा उपाय आहे. कूटबद्धता बंद करणे हा उपाय नव्हे.

हेलसिंकी ते ओपनएसएसएच

फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर तेथील टाटू इलोनेन यांनी १९९५ मध्ये सिक्युअर शेल अर्थात एसएसएच ही प्रणाली रचली आणि जुलैमध्ये ती सर्वांस खुली केली. तिला २२ क्रमांकाचे पोर्ट मिळाले. एफटीपीचे २१ आणि टेलनेटचे २३ यांच्या मधली ती रिकामी जागा होती. फाइली पाठविण्यासाठी तिच्यासोबत एससीपी ही आज्ञा होती. तिचा साचा बर्कली युनिक्समधील जुन्या आरसीपीचाच होता. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ बरोबर ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती आली आणि हे साधन सर्वत्र पोहोचले.

एसएसएचने एक नवीन प्रश्न विचारावयास लावला : पलीकडचे यंत्र खरोखर तेच आहे कशावरून? प्रथम भेटीत सर्व्हरची सार्वजनिक किल्ली वापरकर्त्याच्या संगणकावर नोंदविली जाते आणि पुढील प्रत्येक भेटीत ती ताडून पाहिली जाते. ती बदललेली आढळल्यास मोठ्या अक्षरांत इशारा येतो व जोडणी नाकारली जाते. सर्व्हरची पुनर्स्थापना झाली असेल तर हा इशारा निरुपद्रवी ठरतो. मध्येच कोणी तोतया बसला असेल तर मात्र तोच एकमेव पहारा असतो. प्रत्यक्षात बहुसंख्य वापरकर्ते जुनी नोंद पुसून पुढे जातात. व्यवस्थापकाला दूरध्वनी करून किल्लीचा ठसा ताडून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे, पण ते क्वचितच केले जाते. यात दोष केवळ वापरकर्त्यांचा आहे असेही म्हणता येत नाही. किल्लीचे ठसे आगाऊ जाहीर न करणारा व्यवस्थापकही तितकाच जबाबदार आहे.

मार्ग सुरक्षित झाला म्हणजे दोन्ही टोके सुरक्षित झाली असे नव्हे, याचा प्रत्यय मे २००१ मध्ये आला. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या सामायिक सर्व्हरवर खाते असलेला एक विकासक सोर्सफोर्ज या दुसऱ्या सामायिक सर्व्हरवर गेला आणि तेथून एसएसएचद्वारे अपाचेच्या यंत्रावर आला. सोर्सफोर्जवरील एसएसएच कार्यक्रमात घुसखोरांनी आधीच बदल करून ठेवला होता. तो नाव आणि पासवर्ड टिपून घेत होता. कूटबद्धता अभंग राहिली आणि तरीही चोरी झाली. सामायिक यंत्रावर बसून तेथून पुढच्या यंत्राचा पासवर्ड टाइप करू नये, हा नियम अशा घटनांतून रुजला.

सामायिकतेचे नियम

एसएफटीपी ही एफटीपीची सुरक्षित आवृत्ती आहे असा समज नावामुळे सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. ती एसएसएचच्या एकाच जोडणीतून चालणारी स्वतंत्र नियमावली असून पॅसिव्ह जोडण्यांची कटकट तिच्यात नाही. तिच्या बिघाडांचे स्वरूपही निराळे आहे.

त्यांतील एक वानगीदाखल पाहण्यासारखा आहे. पासवर्ड बिनचूक असूनही 'संदेश फार लांब आहे' अशी तक्रार येते व सोबत १४६६२६४६७५ असा अगम्य आकडा दिसतो. वापरकर्ता आपल्या फाइलीचा आकार तपासू लागतो, परंतु फाइलीचा येथे काही संबंधच नसतो. सर्व्हरवरील त्याच्या खात्याच्या आरंभिक फाइलीत कोणीतरी इंग्रजीत 'वेलकम' असे अभिवादन छापण्याची ओळ घातलेली असते. एसएफटीपी पहिले चार बाइट संदेशाची लांबी म्हणून वाचते. डब्ल्यू, ई, एल, सी या चार अक्षरांचे संकेतांक ८७, १०१, १०८ आणि ९९ असून ते एकत्र वाचले की नेमका हाच आकडा येतो. अभिवादनाची ओळ केवळ माणूस समोर बसलेला असतानाच छापली जाईल अशी अट घातली की दोष नाहीसा होतो.

मार्च २००८ मध्ये ओपनएसएसएच ४.९ सोबत एसएफटीपी वापरकर्त्याला एका ठरावीक डिरेक्टरीत बंदिस्त ठेवण्याची सोय आली. एकाच सर्व्हरवर अनेक विभागांचे वा ग्राहकांचे काम चालविणाऱ्यांस तिचा मोठा आधार झाला. तिची अट कडक आहे : ती डिरेक्टरी आणि तिच्या वरच्या सर्व डिरेक्टऱ्या मुख्य प्रशासकाच्या म्हणजे रूटच्या मालकीच्या असाव्यात व इतर कोणासही त्यांत लिहिण्याची मुभा नसावी. अट मोडल्यास जोडणी प्रवेशानंतर लगेच तुटते. वापरकर्त्याला कारण कळत नाही. ते सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिलेले असते. येथे घाईचा व्यवस्थापक सर्वांना सर्व परवानग्या देणारा ७७७ हा आकडा वापरतो आणि दार अधिकच घट्ट बंद होते, कारण नेमकी त्या मोकळेपणालाच प्रणालीची हरकत असते. किल्ल्यांच्या फाइलीबाबतही हेच घडते : ती ज्या डिरेक्टरीत आहे तेथे इतरांना लिहिता येत असेल, तर सर्व्हर ती किल्ली मानीतच नाही. रूटच्या मालकीच्या डिरेक्टरीच्या आत लिहिण्यायोग्य उपडिरेक्टरी करावी, तिला गटाची मालकी व सेटजीआयडी चिन्ह द्यावे आणि नव्या फाइलींना गटाचा लेखनाधिकार मिळेल असा युमास्क ठेवावा. मग एकाने चढविलेली फाइल दुसऱ्यास दुरुस्त करता येते आणि तिसऱ्या गटाला ती दिसतही नाही.

देवनागरी नावांच्या फाइलींचा प्रश्न मराठी वापरकर्त्यांस जवळचा आहे. सर्वाधिक रूढ असलेल्या एसएफटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीत फाइलीच्या नावाची संकेतप्रणाली निश्चित केलेली नाही. नाव म्हणजे निव्वळ बाइटांची माळ. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांचे असते. पलीकडच्या साधनाने ते अन्य प्रणालीने वाचले की नावाची लक्तरे होतात, आतील मजकूर मात्र शाबूत असतो. दोन्ही टोकांस यूटीएफ-८ ठरवून दिल्यास नावे पूर्ववत दिसतात.

नकार देणारी नवी प्रणाली

मे २००८ मध्ये उघड झालेल्या डेबियनच्या दोषाने किल्ल्यांवरील विश्वासही हादरला. सप्टेंबर २००६ पासून त्या वितरणातील एका बदलामुळे निर्माण झालेल्या किल्ल्या इतक्या थोड्या शक्यतांपुरत्या मर्यादित होत्या, की प्रत्येक प्रकाराच्या व लांबीच्या किल्ल्यांची संख्या ३२,७६७ एवढीच भरत होती. त्या सर्व आधीच तयार करून ठेवणे कोणासही शक्य होते. किल्ली डेबियनवर निर्माण करून अन्यत्र वापरली असली तरी धोका तेवढाच होता. सामायिक सर्व्हरवर शेकडो लोकांच्या किल्ल्या असल्याने एका दुबळ्या किल्लीने सर्वांचे दार उघडत होते.

सप्टेंबर २०२१ मधील ओपनएसएसएच ८.८ ने एसएचए-१ वर आधारित आरएसए स्वाक्षऱ्या मुळातच स्वीकारणे थांबविले. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे चाललेली हस्तांतरणे एका अद्ययावतीकरणानंतर बंद पडली. आरएसए किल्ल्या निरुपयोगी झाल्या, असा गैरसमज त्यातून पसरला. प्रत्यक्षात किल्ल्या त्याच राहिल्या. केवळ स्वाक्षरीची जुनी रीत गेली आणि जुन्या सर्व्हरला नवी रीत येत नव्हती. जुनी रीत सर्वांसाठी पुन्हा सुरू करण्यापेक्षा सर्व्हर अद्ययावत करणे, आणि तोवर त्या एकाच यंत्रापुरती सवलत देणे, हे अधिक शहाणपणाचे होते.

त्याच वर्षी क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी एफटीपीचा आधार काढून घेतला. एप्रिल २०२२ मध्ये ओपनएसएसएच ९.० ने एससीपी या आज्ञेचे अंतरंग बदलले. आज्ञा तीच राहिली, परंतु आरसीपीपासून चालत आलेल्या रीतीऐवजी ती आतून एसएफटीपी वापरू लागली. एसएफटीपीचा मसुदा २००६ मध्ये तेराव्या आवृत्तीवर थांबला; तो अधिकृत प्रमाण कधी झालाच नाही. ज्या जुन्या सर्व्हरवर एसएफटीपीची सोय नाही तेथे नवी एससीपी अडते. त्यांच्यासाठी कॅपिटल 'ओ' हा पर्याय ठेवलेला आहे, आणि तो दिला की आज्ञा पूर्वीच्याच रीतीने चालते.