एका कणात दोन औषधं : ‘नॅनो’ केमो म्हणजे काय?

बालाघाटहून कॅन्सरच्या उपचाराला नागपूरला जाणाऱ्यांच्या कानावर ‘नॅनो’ औषध हा शब्द पडतो. दोन औषधं सुटी दिली, की शरीर ती वेगवेगळ्या वेगानं बाहेर टाकतं आणि ठरवलेलं प्रमाण बिघडतं. म्हणून दोन्ही औषधं चरबीच्या अतिसूक्ष्म कणात, म्हणजे लायपोसोममध्ये, भरतात. ‘व्हिक्सिऑस’मध्ये सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन रेणूंच्या हिशेबानं ५:१ असतात. अमेरिकेत २०१७ साली त्याला मंजुरी मिळाली, तीही ‘एएमएल’ या रक्ताच्या कॅन्सरच्या ठराविक प्रकारांसाठीच. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरवर ते चालत नाही. ६० ते ७५ वयाच्या पेशंटांवरील चाचणीत सरासरी (मध्यक) आयुष्य ५.९५ वरून ९.५६ महिन्यांवर गेलं. साडेतीन महिने जास्त, बरं होण्याची हमी नव्हे. आणि रक्तपेशी घटलेल्या राहण्याचा काळ मात्र यात लांबतो.