डायनामो गेला, नाव राहिले

नाशिकच्या गॅरेजांत आजही ‘गाडीचा डायनामो गेला’ असे ऐकू येते. वस्तुतः गाडीत डायनामो नसतोच; असतो तो अल्टरनेटर. या गोंधळाची किंमत मी एकदा मोजली आहे.

फॅरेडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पिक्सीने स्थिर वेटोळ्यांसमोर चुंबक फिरवून जनित्र केले. त्यातून प्रत्यावर्ती धारा निघे. तिचा तेव्हा कोणाला उपयोग नव्हता, म्हणून अँपिअरच्या सूचनेवरून त्याने दिक्परिवर्तक बसवला. बॅटरीलाही दिष्ट धाराच लागते. त्यामुळे मोटारीत डायनामो आला. कुर्ल्याला बनणाऱ्या जुन्या फियाटमध्येही तोच होता. पण त्यात सगळी धारा फिरत्या वेटोळ्यांतून ब्रशांवाटे बाहेर येते. ठिणग्या उडतात, ब्रश झिजतात आणि वेगही बेताचाच ठेवावा लागतो. इंजिन मंद चालताना चार्जिंग जवळपास होतच नसे.

सिलिकॉनचे डायोड हाताशी आले आणि चित्र पालटले. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर सरसकट बसवला गेला. पुन्हा पिक्सीचीच रचना: चुंबक फिरता, वेटोळी स्थिर! ब्रशांतून जाते ती केवळ विद्युतचुंबकाची दोन-चार अँपिअर धारा. त्रिकला धारेला सहा डायोड दिष्ट करतात. असा अल्टरनेटर लाख-दीड लाख किलोमीटर चालायला हरकत नाही.

तरी तो लवकर जातो. फार ताणलेल्या पट्ट्याने बेअरिंग खराब होते. मरायला टेकलेली बॅटरी सतत जास्त धारा ओढून त्याला तापवते. पण एक कारण निव्वळ ऐतिहासिक आहे. डायनामोच्या जमान्यात मिस्त्री चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहत. इंजिन चालत राहिले, की डायनामो ठीक. अल्टरनेटरवर हे केले तर चुंबकाच्या वेटोळ्यातली धारा एकदम उतरत नाही, धक्का सोसायला बॅटरीही नसते. १२ व्होल्टच्या यंत्रणेत दाब क्षणभर शंभराच्या घरात जाऊ शकतो. डायोड तिथेच फुटतात.

माझ्या गाडीवर एका मिस्त्रीने हेच केले. मी शेजारी उभा राहून मान डोलावली, डॉक्टरेट असून! चार दिवसांनी भर पावसात, रात्री कसारा घाटात वायपर रेंगाळू लागले, मग दिवे पिवळे पडले. मागच्या सीटवर मुले झोपली होती. एका ट्रकच्या तांबड्या दिव्यांमागे राहून इगतपुरी गाठली. नंतर उघडून पाहिले तर सहापैकी दोन डायोड गेलेले होते.

असा निकामी अल्टरनेटर भंगारात मिळतो. वर्गात तो उघडून विद्यार्थ्यांना पुस्तकातले दुभंगलेले कडे शोधायला सांगा. ते सापडणार नाही. दोन अखंड कडी सापडतील.