खिशात दोन हत्यारं कशाला? स्विस चाकू, लेदरमन आणि ५,३०० वर्षं जुना प्रश्न



माझ्या खिशात रोज दोन वस्तू असतात. एक छोटा स्विस चाकू आणि एक पक्कडवालं मल्टिटूल. ऑफिसात पार्सल उघडायचं असलं, खुर्चीचा स्क्रू ढिला झाला, की लोक माझ्या डेस्कपाशी येतात. काम झालं की हमखास एक प्रश्न विचारतात, "अरे, पण दोन कशाला? एकातच सगळं येतं ना?"

आजचा भाग याच प्रश्नावर आहे. मी कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे कुठलीही वस्तू बघितली की डोक्यात आधी येतं, याची रिक्वायरमेंट कुणी दिली होती? कुणाला काय अडलं होतं म्हणून हे बनलं? खिशातल्या चाकूंचा इतिहास या नजरेने बघितला की दोन हत्यारांचं कोडं आपोआप सुटतं.

बर्फातला माणूस

सुरुवात करू आल्प्सपासून. सप्टेंबर १९९१ मध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, ओट्झटाल आल्प्समध्ये, गिर्यारोहण करणाऱ्या एका जर्मन जोडप्याला बर्फातून वर आलेला मृतदेह दिसला. आधी वाटलं, एखादा हल्लीचाच गिर्यारोहक असेल. निघाला साधारण ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस! त्याला आज 'ओट्झी' म्हणतात आणि तो इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात आहे.

त्याच्याबरोबर त्याचं सगळं सामानही सापडलं. कमरेच्या पट्ट्याला एक थैली होती. थैलीत काय? गारगोटीची एक खरवडणी, भोक पाडायचं एक टोक, गारगोटीचीच एक पातळ चिप, हाडाची आरी आणि आग पेटवायला वाळवलेली बुरशी. आणि चाकू? तो थैलीत नव्हता. गारगोटीचं पातं आणि लाकडी मूठ असलेला छोटा खंजीर वेगळ्या म्यानात होता. शिवाय पेन्सिलीसारखी एक लाकडी काडी होती, तिच्या टोकात शिंगाचा तुकडा बसवलेला. तिचा उपयोग बोथट झालेल्या दगडी धारेला पुन्हा आकार द्यायला. म्हणजे हत्यार दुरुस्त करायचंही हत्यार सोबत!

ही मांडणी लक्षात ठेवा. कापायचं पातं वेगळं आणि चटकन हाताला येईल असं. बारीकसारीक कामांची अवजारं दुसरीकडे, एकत्र.

पुढे धातू आला, बिजागरी आली आणि माणसाला मोह झाला की सगळं एकातच घालावं. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये रोमन काळातली, तिसऱ्या शतकातली चांदीची एक घडीची वस्तू आहे. तिच्यात चमचा, काटा, चाकू, अणकुचीदार टोक, उलथणीसारखी पट्टी आणि छोटी कोरणी असं सगळं आहे. फोटो बघितलात तर वाटेल, कुणीतरी रोमला जाऊन स्विस चाकू विसरून आलं.

बंदुकीमुळे आलेला चाकू

आता एकदम १८८० च्या दशकात या. स्वित्झर्लंड आज श्रीमंत देश म्हणून आपल्याला माहीत आहे, पण तेव्हा तिथल्या डोंगराळ भागातली तरुण पोरं कामासाठी देश सोडून जात होती. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने १८८४ मध्ये श्वीझ प्रांतातल्या इबाख गावात चाकू-सुऱ्यांचा कारखाना काढला. गावातच रोजगार तयार व्हावा, ही त्याची इच्छा होती.

त्याच सुमारास स्विस सैन्याने नवी रायफल घेतली, श्मिट-रुबिन, मॉडेल १८८९. ती खोलायला, साफ करायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा. शिवाय जवानांना डब्यातलं अन्न मिळायला लागलं होतं, ते उघडायला काहीतरी हवंच. मग रिक्वायरमेंट तयार झाली: एक पातं, एक आरी, एक कॅन ओपनर, एक स्क्रू ड्रायव्हर. मूठ गडद रंगाच्या लाकडाची. 'मॉडेल १८९०' तो हाच. आमच्या भाषेत सांगायचं तर हा चाकू रायफलची डिपेन्डन्सी होती!

गंमत म्हणजे स्विस सैन्याचे पहिले १५,००० चाकू स्वित्झर्लंडमध्ये बनलेच नाहीत. एवढी मोठी ऑर्डर पुरी करण्याची ताकद तिथे कुणाकडे नव्हती, म्हणून ते जर्मनीतल्या झोलिंगेनहून आले. एल्सेनरने स्विस कारागिरांची एक संघटना उभी केली आणि १८९१ पासून इथलाच चाकू सैन्याला द्यायला सुरुवात केली. पण झोलिंगेनचे कारखाने यंत्रांवर, मोठ्या संख्येने माल काढायचे. त्यांचा भाव कमी. संघटनेतले बाकीचे लोक लवकरच बाहेर पडले. एल्सेनर एकटा उरला, पार कर्जात बुडाला. नातेवाईक आणि देणेकऱ्यांनी सांभाळून घेतलं म्हणून टिकला.

त्याला वाचवणारी कल्पना १८९७ ची. जवानाचा चाकू दणकट होता, पण जड. एल्सेनरने जास्त नाजूक, हलका 'ऑफिसर्स नाइफ' बनवला. एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारं बसवली. त्यामुळे जाडी न वाढवता दुसरं छोटं पातं आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आत मावला. १२ जून १८९७ ला त्याची नोंदणी झाली. नावात 'ऑफिसर' असलं तरी सैन्याने तो कधी अधिकृतपणे वाटला नाही. अधिकारी आपल्या पैशाने विकत घ्यायचे. म्हणजे आज जगभर ज्याला आपण 'स्विस आर्मी नाइफ' म्हणतो, तो लाल चाकू आर्मीचा नव्हताच! हे नावही दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांमुळे रुळलं. 'ऑफिझियर्समेसर' हा जर्मन शब्द त्यांच्या जिभेवर बसेना.

१९०९ मध्ये एल्सेनरची आई वारली. तिचं नाव व्हिक्टोरिया. त्याने ते नाव कंपनीला दिलं. १९२१ पासून स्टेनलेस स्टील आलं, त्याचं फ्रेंच नाव 'इनॉक्स'. दोन्ही जोडून झालं व्हिक्टोरिनॉक्स.

तेहरानच्या हॉटेलातली पुठ्ठ्याची पक्कड

आता दुसरा हिरो. १९७५ साल. टिम लेदरमन हा अमेरिकेतल्या ओरेगनचा मेकॅनिकल इंजिनिअर, बायको चाऊबरोबर युरोप आणि मध्यपूर्वेच्या प्रवासाला निघालेला. ॲम्स्टरडॅममध्ये ३०० डॉलरला घेतलेली जुनी फियाट, सतत बिघडणारी. मुक्काम स्वस्त हॉटेलांत, तिथले नळ गळणारे. टिमच्या खिशात स्काउटचा चाकू होता. तो ब्रेड कापायला, स्क्रू फिरवायला चालायचा. पण नळाचा नट धरायला? तापलेली तार ओढायला? तिथे चाकू काय करणार! दर वेळी त्याला वाटायचं, यात पक्कड असती तर.

तेहरानच्या हॉटेलात त्याने पुठ्ठा कापून पहिला नमुना केला. परत आल्यावर त्याला वाटलं, महिन्याभरात होईल. लागली तीन वर्षं. १९८० मध्ये पेटंट मिळालं, पण माल घ्यायला कुणी तयार नाही. चाकू बनवणाऱ्या कंपन्या म्हणायच्या, हा चाकू नाही, हे तर अवजार. अवजारांच्या कंपन्या म्हणायच्या, हे अवजार नाही, खेळणं आहे. शेवटी कॉलेजातला मित्र स्टीव्ह बर्लिनर भागीदार झाला आणि १९८३ मध्ये एका कॅटलॉग कंपनीने ५०० नगांची पहिली ऑर्डर दिली. त्यांचा अंदाज होता, वर्षाला ४,००० खपतील. पहिल्याच वर्षात जवळजवळ ३०,००० खपले. मॉडेलचं नाव 'पॉकेट सर्व्हायव्हल टूल', लोक 'पीएसटी' म्हणायचे.

आठ वर्षं! स्टार्टअपवाल्यांनो, ऐकताय ना?

मग एकात का भागत नाही?

आता ही दोन हत्यारं शेजारी ठेवा. स्विस चाकूत पातं, कात्री, चिमटा, दातकोरणं हे सगळं नखाने उघडतं आणि बोटांच्या ताकदीचं आहे. काही मॉडेल्समध्ये छोटी पक्कड असते, पण ती चिमुकली. जोर लावून नट फिरवायचं काम तिचं नव्हे. लेदरमनमध्ये उलट. पक्कड हाच त्याचा कणा, बाकी सगळं तिच्या दांड्यांत घडी घालून ठेवलेलं. म्हणून पहिल्या पीएसटीत चाकू हवा असेल तर आधी पूर्ण पक्कड उलगडायची, मग दांड्यातून पातं काढायचं. आणि कात्री तर त्यात नव्हतीच.

म्हणजे एकाचं रिकामं घर दुसरा भरतो. पीएसटीवाल्याला छोट्या स्विस चाकूची कात्री, चिमटा आणि पटकन निघणारं पातं मिळतं. स्विसवाल्याला पक्कड, तार कापणी, कानस मिळते. पुढे १९९८ मध्ये लेदरमनने 'वेव्ह' आणलं, त्यात पाती बाहेरच्या बाजूला आली, घडी न उघडता एका हाताने निघायला लागली. कात्रीही आत आली. जोडीतलं अंतर कमी झालं, पण संपलं नाही. कारण वेव्ह वजनाला चांगलंच भरतं आणि दोरा कापायला ते बाहेर काढणं म्हणजे माशी मारायला तोफ.

जोडी निवडायचा माझा नियम यातूनच आला. दोन यादी करा. दोन्हीत सारखं काय येतंय ते बघा. पातं दोनदा आलं तर चालेल, एक स्वच्छ ठेवून फळं कापा, दुसऱ्याने खोकी फाडा. पण तीन-चार अवजारं दोन्हीकडे असतील तर तुम्ही वजन वाहताय, सोय नाही. आणि मोठ्या हत्याराचा जोडीदार नेहमी छोटा घ्या.

एका चाकूने केवढं अडलेलं सुटतं, याचा मला आवडणारा किस्सा अंतराळातला. नोव्हेंबर १९९५ मध्ये क्रिस हॅडफील्ड हा कॅनेडियन अंतराळवीर शटलमधून मीर स्थानकावर पोचला, तर मधलं दार फारच घट्ट बांधून, चिकटवून बंद केलेलं. त्याने ते स्विस चाकूने उघडलं.

बाहेरचं जग बदललं

११ सप्टेंबर २००१ नंतर मात्र सगळं पालटलं. विमानात चाकू नेणं बंद झालं आणि विमानतळावरच्या दुकानांत होणारी मोठी विक्री आटली. व्हिक्टोरिनॉक्सचा धंदा झपाट्याने घसरला. तरी इबाखच्या कारखान्याने माणसं काढली नाहीत, काही कामगार थोड्या काळासाठी दुसऱ्या कंपन्यांना दिले आणि घड्याळं, बॅगा यांवर जोर दिला. ज्या गावातून पोरं बाहेर जाऊ नयेत म्हणून कारखाना निघाला, तिथे हा निर्णय मला फार मोठा वाटतो. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेने छोटे चाकू विमानात पुन्हा चालतील असं जाहीर केलं, पण विमान कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि जूनमध्ये तो विचार सोडून दिला गेला.

ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याप्रमाणे ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. पण पातं लॉक होत असेल तर तो या सवलतीत बसत नाही, असं तिथल्या कोर्टाने नंतर ठरवलं. म्हणजे लॉक नसलेला साधा स्विस चाकू चालतो, लॉकवालं वेव्ह सबळ कारणाशिवाय चालत नाही. लंडन, बर्मिंगहॅमला शिकायला जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा. २०२४ मध्ये तर व्हिक्टोरिनॉक्सचे प्रमुख, चौथ्या पिढीतले कार्ल एल्सेनर, म्हणाले की पातं नसलेल्या मॉडेल्सवर काम चालू आहे.

हत्यार म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे या सगळ्याची गंमत एका शब्दात आहे. सुताराची पिशवी उघडली तरी 'हत्यारं' आणि दंगलीत पोलिसांनी पकडलं तरी 'हत्यार'. खंडेनवमीला आपण तलवारीची पूजा करतो, तशी करवत-रंध्याचीही करतो आणि हल्ली लॅपटॉपचीही. माझ्या आजोबांच्या चंचीत अडकित्ता, चुन्याची डबी आणि एक घडीचा चाकू असायचा. सुपारी फोडायला जोराचा अडकित्ता, पानाचे देठ खुडायला हलका चाकू. तीच जोडी, बघा! त्या चंचीकडे कुणी संशयाने बघितलं नाही, कारण वापर समोर दिसत होता.

आज कायदाही साधारण हाच प्रश्न विचारतो. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं येतात, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखा आदेश निघाला, तर चाकू, काठ्या बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. म्हणून सणासुदीला, निवडणुकीच्या काळात पेपरातला आदेश वाचा. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूच्या वाटेला जाऊ नका. विमानाने जाताना दोन्ही वस्तू चेक-इन बॅगेत.

तर तुमची जोडी निवडताना ऑनलाइन फोटो बघून भुलू नका. आठवडाभर फोनवर नोट करत राहा: आज काय कापावंसं वाटलं, काय धरावंसं वाटलं, काय उघडता आलं नाही. एल्सेनरला रायफलचा स्क्रू होता, टिमला गळका नळ होता. तुमचा स्क्रू कुठला, तुमचा नळ कुठला, हे त्या यादीत सापडेल. कदाचित कळेल की तुम्हाला फक्त एक नेलकटर पुरतं. तेही उत्तर बरोबरच आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर पातं बंद करून मगच खिशात ठेवा!