सीटबेल्ट व किरकोळ वाहतूक गुन्हे : सातारा–सांगली

सातारा व सांगली जिल्ह्यांतील वाहतूक नियमभंगांवरील कारवाईला मोटार वाहन अधिनियम, १९८८ चा आधार आहे. दोन्ही जिल्हे पोलिसांच्या कोल्हापूर परिक्षेत्रात येतात. कारवाईचा मुख्य पट्टा म्हणजे पुणे–बंगळूर महामार्ग. तो शिरवळ, खंबाटकी घाट, सातारा, कराड असा येऊन वाळवा तालुक्यात कासेगाव, पेठमार्गे पुढे जातो. महामार्गावर महामार्ग पोलीस, शहरांत वाहतूक शाखा आणि परिवहन कार्यालयांची पथके तपासणी करतात. एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड आणि एमएच-१० सांगली अशा नोंदणी मालिका आहेत.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार सीटबेल्ट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना बसवल्यासही तेवढाच. वेगळी शिक्षा न सांगितलेल्या नियमभंगांना कलम १७७ लागू होते : पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढे १,५०० पर्यंत. महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच स्वीकारले नाहीत. तडजोड शुल्काचे, म्हणजे खटल्याऐवजी भरायच्या रकमेचे, नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये आले.

मागच्या आसनावरचा पट्टाही केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ नुसार बंधनकारक आहे. तो बहुतेकांनी गंभीरपणे घेतला नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री दगावले, तेव्हा त्याची चर्चा झाली.

दंड आता ई-चलनाने होतो. छायाचित्रासह नोंद वाहन क्रमांकावर पडते, त्यामुळे गाडी दुसऱ्याने चालवली तरी संदेश मालकाला जातो. थकलेली चलने लोकअदालतीतही निघतात. गळीत हंगामात मात्र पोलिसांचे लक्ष रिफ्लेक्टर नसलेल्या ऊस ट्रॉल्यांकडे वळते, आणि रात्रीच्या रस्त्यावर ते अधिक निकडीचे आहे.