पोंभुर्ल्याचा 'दर्पण'कार आणि श्रीपतीचे प्रायश्चित्त

६ जानेवारी हा महाराष्ट्रात पत्रकार दिन. त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार चढतो, 'आद्य पत्रकार' हे बिरुद उच्चारले जाते. त्यांनी लेखणी कशासाठी झिजवली याची चौकशी मात्र क्वचितच होते.

बाळशास्त्री आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. जन्म १८१२चा. घरी संस्कृत, मुंबईत इंग्रजी आणि गणित. विशीच्या उंबरठ्यावर, ६ जानेवारी १८३२ रोजी, त्यांनी 'दर्पण' काढले. आधी पाक्षिक, मे महिन्यापासून साप्ताहिक. पानावर दोन स्तंभ शेजारी शेजारी, एक इंग्रजी व एक मराठी. मराठीतून एतद्देशीयांना नव्या विद्येची ओळख व्हावी आणि इंग्रजीतून एतद्देशीयांचे मनोगत राज्यकर्त्यांच्या कानी पडावे, अशी ही दुहेरी योजना होती.

त्या काळी मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनकडे जात असे. त्या व्यापाराचे केंद्र असलेल्या कँटन शहरात १८३३ साली एक चिनी मासिक निघाले. चीनच्या भूमीवरचे ते पहिले आधुनिक चिनी नियतकालिक मानले जाते. त्याचा संपादक मात्र कार्ल ग्युत्स्लाफ हा प्रशियन मिशनरी होता, आणि हे गृहस्थ अफूच्या जहाजावर दुभाषा म्हणूनही जाऊन आले होते! वांग ताओ या चिनी पत्रकाराचे हाँगकाँगमधील प्रसिद्ध दैनिक निघायला १८७४ साल उजाडावे लागले. मुंबईतही मिशनऱ्यांचे छापखाने होतेच; पण येथे धर्म आणि रूढी यांविषयी बोलणारा संपादक स्वतः शास्त्री होता.

म्हणूनच त्यांच्या सुधारणेची वाट शास्त्रातून जाते. विधवाविवाहाचा कैवार घेताना त्यांनी गंगाधरशास्त्री फडके यांच्याकडून त्या विषयावर ग्रंथच लिहवून घेतला. ही सावधगिरी आज मवाळ वाटेल. तिची किंमत मात्र मवाळ नव्हती.

'दर्पण' १८४० मध्ये बंद पडले. खरी कसोटी त्यानंतर आली. १८४३ साली मिशनऱ्यांच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा, अल्पवयीन भाऊ श्रीपती हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्यांच्या पंक्तीला जेवला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि मुलगा त्यांच्या हवाली झाला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. जातीच्या दृष्टीने ते तेथेच सुरू झाले. मुलगा घरी आला, पण पंक्तीला कुठे बसणार? त्याच्या पुढ्यात पान कोण वाढणार?

प्रायश्चित्त देऊन श्रीपतीला शुद्ध करून घ्यावे, हा बाळशास्त्रींचा पक्ष. त्यांनी तशी व्यवस्थाही केली. कर्मठांनी गजहब केला, बहिष्काराची भाषा सुरू झाली. गंमत अशी की मिशनऱ्यांच्या आक्रमणाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज याच मंडळींचा होता. मुलगा परत आला तेव्हा दार लावून घेणारेही तेच.

याच धामधुमीत, १८४५ मध्ये, बाळशास्त्रींनी संपादिलेली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून निघाली, ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित प्रत. पुढच्याच वर्षी, मे १८४६ मध्ये, ऐन तारुण्यात त्यांचा अंत झाला.

थोरला भाऊ नारायण परतला नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री या नावाने त्याने पुढे जालन्याजवळ ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल नावाचे गाव वसवले.