गारँ, मॉरिस

(३ मार्च १८७१–१९ फेब्रुवारी १९५७). आद्य धंदेवाईक फ्रेंच सायकलपटूंपैकी एक व ‘तूर द फ्रांस’ या शर्यतीचा पहिला विजेता. त्याचा जन्म इटलीच्या आऑस्ता खोऱ्यातील आर्व्हिये या गावी एका गरीब, फ्रेंचभाषी कुटुंबात झाला. किशोरवयातच तो फ्रान्सला आला आणि धुराडी साफ करून उदरनिर्वाह करू लागला. या व्यवसायामुळे व ठेंगण्या बांध्यामुळे त्याला पुढे ‘छोटा धुराडेवाला’ हे टोपणनाव पडले.

१८८९ मध्ये त्याने पहिली सायकल घेतली. १८९२ पासून तो शर्यतींत उतरू लागला. आव्हेन येथील एका शर्यतीची हकिकत प्रसिद्ध आहे. ती केवळ धंदेवाईकांसाठी असल्याने गारँला प्रवेश नाकारण्यात आला. स्पर्धक निघून गेल्यावर तो त्यांच्या मागून निघाला आणि सर्वांना मागे टाकून पहिला आला. संयोजकांनी बक्षीस दिले नाही. तेव्हा प्रेक्षकांनीच वर्गणी करून विजेत्याच्या बक्षिसाहून मोठी रक्कम त्याला दिली. त्यानंतर तो धंदेवाईक झाला.

पॅरिस–रूबे (१८९७ व १८९८), पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस (१९०१) व बॉर्दो–पॅरिस (१९०२) या शर्यती त्याने जिंकल्या. यांपैकी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस हे सुमारे १,२०० किमी. अंतर त्याने ५२ तास ११ मिनिटांत तोडले. त्याला फ्रेंच नागरिकत्व १८९२ मध्ये मिळाले, असे दीर्घकाळ मानले जाई. तथापि ते डिसेंबर १९०१ मध्ये मिळाल्याचे पुढे कागदपत्रांवरून उघडकीस आले. म्हणजे रूबेचे दोन्ही विजय त्याने इटालियन नागरिक म्हणूनच मिळविले होते.

आंरी देग्रांझ याच्या ‘लोतो’ या दैनिकाने आपला खप वाढविण्यासाठी १९०३ मध्ये तूर द फ्रांस सुरू केली. सहा टप्पे, २,४२८ किमी. अंतर आणि कच्चे रस्ते. काही टप्पे तर रात्रीही चालत. ६० स्पर्धकांपैकी २१ जणांनीच ती पूर्ण केली. गारँने पॅरिस–ल्याँ हा ४६७ किमी.चा पहिलाच टप्पा जिंकला आणि अखेरीस ल्यूस्याँ पोत्ये याच्यापेक्षा जवळजवळ तीन तास आधी शर्यत संपविली. बक्षिसांतून त्याला सहा हजारांहून अधिक फ्रँक मिळाले. धुराडी झाडणाऱ्याच्या दृष्टीने हे मोठेच धन होते.

१९०४ ची शर्यत मात्र दंगलींनी व लबाड्यांनी गाजली. सेंतेत्येनजवळ स्थानिक स्पर्धकाच्या चाहत्यांनी गारँ व इतरांवर रात्री हल्ला केला. गारँ पुन्हा पहिला आला. पण फ्रेंच सायकल महासंघाने वर्षाअखेरीस पहिल्या चौघांना बाद ठरवून पाचवा आलेला १९ वर्षांचा आंरी कॉर्ने याला विजेता घोषित केले. बाद झालेल्यांत गारँचा भाऊ सेझारही होता. गारँवर दोन वर्षांची बंदी आली. काहींनी वाटेत आगगाडीचा आश्रय घेतल्याचा प्रवाद होता. परंतु महासंघाने निर्णयाची सविस्तर कारणे प्रसिद्ध केली नाहीत. त्यामुळे त्याच्या दोषाचे नेमके स्वरूप ठरविणे कठीण आहे. १९०३ चे विजेतेपद त्याच्याकडेच राहिले.

१९११ च्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस शर्यतीत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो दहावा आला. नंतर उत्तर फ्रान्समधील लांस येथे त्याने मोटारदुरुस्तीचा कारखाना चालविला. तेथेच तो मरण पावला.