तरंगमबाडीचा दुभाष्या

तरंगमबाडीच्या वेशीतून सायकल आत घातली की डेन्मार्क सुरू होतो आणि पायी दहा-पंधरा मिनिटांत समुद्रापाशी संपतो. ही पांढरी वेस १७९२ची. आतला सरळ रस्ता अजूनही ‘किंग्ज स्ट्रीट’, टोकाला डान्सबोर्ग किल्ला. प्रवासी तासभर थांबतात, फोटो काढतात, कराईकाल किंवा पुदुच्चेरी गाठतात. मी तीन दिवस राहिले. सकाळी सायकल, नंतर पायी. कारण सायकल लॉजवाल्यांच्या मुलाची होती आणि दहाला त्याचा क्लास असे.

गावाच्या नावाचा अर्थ ‘गाणाऱ्या लाटांचं ठिकाण’ असा सांगतात. चौदाव्या शतकातल्या शिलालेखात मात्र नाव येतं ‘सडंगन्पाडी’. लाटा मागाहून गायला लागल्या असाव्यात. तशा त्या गाण्यापेक्षा खातातच जास्त: किल्ल्याजवळचं मासिलामणिनाथाचं देऊळ १३०६च्या सुमाराचं, त्याचा बराच भाग समुद्राने गिळला आहे.

१६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कशी तह केला आणि हे बंदर डॅनिश कंपनीला मिळालं. पुढे तंजावर व्यंकोजीराजांच्या घराण्याकडे आलं, तेव्हा डॅनिश लोकांचा वार्षिक नजराणा मराठी दरबारात जाऊ लागला. मला ओढ होती ती ९ जुलै १७०६ला इथे उतरलेल्या बार्थोलोमॉस त्सिगेनबाल्ग या जर्मन पाद्र्याची. चोविशीही पूर्ण न झालेला हा माणूस शाळेतल्या पोरांबरोबर बसून वाळूत तमिळ अक्षरं गिरवायला शिकला. ऑक्टोबर १७०८मध्ये त्याने ‘नवा करार’ तमिळमध्ये आणायला घेतला. थोड्याच दिवसांत डॅनिश गव्हर्नरने त्याला किल्ल्यात डांबलं, सुमारे चार महिने. तरीही मार्च १७११मध्ये भाषांतर पुरं झालं. हाल्लेहून तमिळ खिळे आले, पण अक्षर मोठं, कागद पुरेना. म्हणून इथेच बारीक खिळे ओतले, शेजारच्या पोरैयारला कागदाची गिरणी काढली. १७१५पर्यंत सगळं छापून झालं. तमिळ छपाई त्याआधी १५७८मध्ये कोल्लमला झाली होती, पण भारतीय भाषेत अख्खा ‘नवा करार’ छापला गेला तो हा पहिला. पोरैयारला सायकलवर जाऊन आले. गिरणीची खूण दिसली नाही, चहा उत्तम मिळाला.

त्याच्या दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट मला जास्त लागते. तमिळ देवदेवतांची वंशावळ त्याने निगुतीने लिहिली आणि १७१३मध्ये हाल्लेला धाडली. तिथले फ्रांके म्हणाले, आम्ही तुम्हाला मूर्तिपूजा उखडायला पाठवलं, युरोपात पसरवायला नव्हे. पुस्तक पडून राहिलं, ते १८६७ साली मद्रासला छापलं गेलं. दुसऱ्याच्या घरात खोलवर शिरलेल्या भाषांतरकाराकडे आपल्या घरचे संशयाने बघतात, हा अनुभव आम्हा मंडळींना लहान प्रमाणात येतोच.

आणि अळेप्पा? कंपनीच्या चाकरीत राहिलेला हा तमिळ दुभाष्या पोर्तुगीज, डॅनिश, जर्मन, डच जाणत होता. पाद्र्याचे पहिले शब्द त्याच्याच तोंडून आले. १७१८च्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये वेदीसमोर त्सिगेनबाल्गची कबर आहे. तो छत्तिसाव्या वर्षी गेला. अळेप्पाच्या नावाची पाटी मी तीन दिवस शोधली. मला सापडली नाही.

मराठीचा धागाही याच वाळूतून जातो. १७५०मध्ये इथे आलेला पाद्री श्वार्ट्झ पुढे तंजावरला सरफोजीराजांचा गुरू झाला, आणि त्याच राजांच्या छापखान्यातून १८०६ला इसापनीतीची मराठी ‘बालबोध मुक्तावली’ निघाली. त्याआधीच्या वर्षी केरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलं गेलं होतं. तेही गाव डेन्मार्कचंच. १८४५मध्ये ही दोन्ही गावं इंग्रजांना एकाच व्यवहारात विकली गेली, साडेबारा लाख रुपयांत.

शेवटच्या सकाळी किल्ल्यामागच्या दगडी बांधावर बसले होते. जवळच जाळी विणणाऱ्या आजोबांना मोडक्या तमिळमध्ये अळेप्पाचं विचारलं. त्यांनी मान हलवली आणि उलट विचारलं, कुठल्या गल्लीत राहतो? तेवढ्यात घड्याळात पावणेदहा दिसले. सायकल परत करायची होती.